बारा बाय आठची काच

ज्या काचेने बद्रीनाथ पठाडे यांचा घात केला, ती बारा फूट लांब आणि आठ फूट उंच होती. ती मुंबईहून ट्रकमध्ये पेंढ्यात उभी राहून आली आणि तिला उतरवायला नऊ माणसं लागली. जालना रोडवर त्या काळी एवढी मोठी काच दुसरी नव्हती. काचेमागे एक गुलाबी बाथटब मांडलेला होता. ज्या शहरात नळाला एक दिवसाआड पाणी येतं तिथे हा टब घेणार कोण, असा प्रश्न कुणाला पडला नाही. वाळूजला कारखान्यांवर कारखाने उठत होते, पुण्या-मुंबईचे इंजिनिअर सिडकोत बंगले बांधत होते, आणि इंजिनिअर माणूस काहीही विकत घेतो अशी शोरूमचे मालक काकासाहेब यांची श्रद्धा होती. त्यांची स्वतःची जमीन एमआयडीसीत गेली होती. जमीन गेली, तिच्या मोबदल्यातून नळ, बेसिनं आणि कमोड यांचं हे शोरूम उभं राहिलं, आणि करमाडच्या शेतकरी घरातले पहिले बी.कॉम. बद्रीनाथ पठाडे त्याचे मॅनेजर झाले.

शोरूम नळांचं असलं तरी शोरूमला नळ नव्हता. मागच्या बाजूला दोनशे दहा फुटांवर लागलेलं बोअर होतं. त्या पाण्याचा चहा केला तर चव जायची, साबण लावला तर फेस यायचा नाही, आणि भांड्यात ठेवलं तर दुसऱ्या दिवशी तळाला पांढरं पीठ बसायचं. हेच पाणी रोज सकाळी काचेवर मारलं जाई.

ते कधी मारायचं याचाही नियम होता. काकासाहेबांची जीप अकराला येई. जीप थांबत असताना सफाईवाला बन्सी हिवराळे हातात पाइप धरून पाणी मारताना दिसला पाहिजे. आठलाच मारून ठेवलेलं चालत नसे. ही पद्धत शेतावरून आलेली होती. मालक बांधावर आला की औत चालू दिसलं पाहिजे. आधी किती नांगरलं, याला किंमत नाही. काच पूर्वेला होती. अकराच्या उन्हात ती तव्यासारखी तापलेली असे. पाणी पडायचं, मालक समाधानाने मान हलवून आत जायचे, आणि पाणी जागच्या जागी वाळायचं.

१९९३च्या उन्हाळ्यापर्यंत काचेवर पांढरे ठिपके, ठिपक्यांचे ओघळ आणि ओघळांचे नकाशे झाले. गुलाबी टब आता देवी आलेल्या माणसासारखा दिसू लागला.

बन्सीने हे पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं.

"साहेब, डाग पाण्याचा नाय, वाळन्याचा हाय. नवाच्या आत पानी मारू द्या आन् लगेच कोरड्या फडक्यानं पुसू द्या. एक जुनं धोतर द्या, बस."

"बन्सी," पठाडे म्हणाले, "हे अकराचं काम आहे. तू अकरालाच कर."

पठाडे वाईट माणूस नव्हते. हे आधीच नोंदवलेलं बरं, कारण पुढे तशी संधी मिळणार नाही. मालकाची पद्धत बदलायला सांगण्याची त्यांची छाती नव्हती, हे एक कारण. आणि ही गोष्ट बन्सीने सांगितली होती, हे दुसरं. काच कशी पुसावी हे काच पुसणाऱ्याकडून शिकायचं, तर मग बी.कॉम. कशाला झालो, असा तो एकंदर हिशेब होता.

बन्सीच्या बाबतीत आणखीही काही पद्धती होत्या. पठाडेंची स्कूटर आली की बन्सी पुढे होऊन डब्याची पिशवी आत नेऊन ठेवी. पिशवी उचलायची, डबा काढायचा नाही, धुवायचा नाही. असं कुणी सांगितलेलं नव्हतं आणि कुणी विचारलेलंही नव्हतं. दर चौदा एप्रिलला बन्सी साहेबांसाठी कागदात बांधून दोन लाडू आणी. पठाडे ते दोन्ही हातांनी घेत, "वा वा" म्हणत, डिकीत ठेवत आणि घरी जाताना सिडकोच्या चौकात बसलेल्या गायीला घालत. गाय पुण्याची, लाडू बन्सीचे, मन कुणाचंच दुखावलं नाही. अशी आठ वर्षं गेली.

तर जूनमध्ये काकासाहेबांनी पठाडेंना केबिनमध्ये बोलावलं.

"पठाडे, वाळूजला दुसरं शोरूम काढतोय. एसी केबिन, स्वतंत्र फोन. तिथं मॅनेजर कोण, ते नळकंपनीचे मुंबईचे साहेब सोळा जानेवारीला येऊन ठरवणार. त्यांना तुमचं काम दिसलं पाहिजे. काम म्हणजे काय?" त्यांनी काचेकडे बोट केलं. "ती आरशासारखी पाहिजे."

स्वतंत्र फोन हे शब्द पठाडेंच्या मनात त्या रात्रीपासून वाजू लागले. सिडकोत एन-सातमध्ये त्यांच्या गल्लीत फोन फक्त आप्पासाहेबांकडे होता, आणि तो वापरायला गेलं की आप्पासाहेब शेजारी उभे राहून संपूर्ण संभाषण ऐकत व शेवटी स्वतःचं मत देत.

आप्पासाहेब बांधकाम खात्यातून निवृत्त झाले होते. खातं सुटलं होतं, मत सुटलं नव्हतं.

"लिंबू," ते म्हणाले. "अर्धं कापायचं आणि काचेवर घासायचं. क्षार म्हणजे चुना, चुन्याला आंबट लागतं. साधं विज्ञान आहे."

पठाडेंनी शहागंजातून पोतंभर लिंबं आणली. बन्सी शिडीवर चढून सकाळपासून घासत राहिला. दुपारपर्यंत शोरूमसमोरच्या फूटपाथवर दीडशे कापलेली लिंबं पडली होती आणि रहदारी पलीकडच्या बाजूने चालली होती. अमावास्या होती, हे पठाडेंच्या लक्षात आलं नव्हतं. बाकी सगळ्या जालना रोडच्या आलं होतं. कमोड घ्यायला आलेलं एक नवीन जोडपं लिंबं पाहून स्कूटरवरून न उतरताच परत गेलं. नवरा शिकलेला असावा, कारण जाताना तो हसला. बायकोने मात्र हात जोडले. डाग जरा फिके झाले. चार दिवसांनी अकराच्या पाण्याने पुन्हा गडद झाले.

करमाडहून आई आली. सारजाबाईंनी काच खालपासून वरपर्यंत न्याहाळली आणि विचारलं, "एवढी मोठी खिडकी, अन् उघडत नाय? मग कशाला केली?"

"आई, ती उघडायची नसते. बाहेरच्यांनी आत पाहायची असते."

"काय पाहायचं, संडास?" असं म्हणून त्यांनी ताकाचा उपाय सांगितला. तांब्याच्या हंड्यावर पांढरं बसलं की आंबट ताकानं निघतं, तर हिचं का निघू नये? त्यांनी गावाकडून पाच दिवसांचं ताक धाडलं. ताकाने काय निघालं ते कळायला मार्ग नाही, कारण पुढचे तीन दिवस काचेजवळ जाणं कुणाला जमलं नाही. मांजरं मात्र येत. सकाळी शोरूम उघडायला गेलं की सात-आठ मांजरं काच चाटत बसलेली असत आणि मागे गुलाबी टब.

"चाटून निघंल साहेब," बन्सी म्हणाला. "पर लई मांजरं लागतील."

पठाडेंना हे बोलणं लागलं. त्यांनी ठरवलं की प्रश्न मुळातून सोडवायचा. मूळ म्हणजे बोअर. महापालिकेचा नळ घ्यायचा, धरणाचं गोडं पाणी काचेवर मारायचं, की डागांची कटकट संपली. हा विचार चांगला होता. त्यात एकच दोष होता की तो कार्यालयातून जाणार होता.

पाणीपुरवठ्याच्या खिडकीमागच्या कारकुनाने अर्ज वाचला. "पाण्याचा उपयोग या रकान्यात तुम्ही 'काच' लिहिलंय."

"हो. काच धुण्यासाठी."

"पिणे, घरगुती, उद्योग, बांधकाम, धार्मिक. यात काच कुठं बसते?"

पठाडेंनी विचार करून उद्योग म्हटलं. उद्योगाला एमआयडीसीचं पत्र लागत होतं. एमआयडीसीने सांगितलं की जालना रोड त्यांच्या हद्दीत नाही. पठाडे परत आले. कारकून जेवायला गेला होता. तो आला तेव्हा म्हणाला, बोअर असताना नळ मागताय, तर बोअरचं पाणी वाईट आहे असा दाखला आणा. पठाडेंनी बाटली धुतली, उकळली, भरली आणि प्रयोगशाळेत दिली. सव्वा महिन्याने दाखला आला : 'पाणी जड असून पिण्यास योग्य.'

"पण मला ते पाजायचं नाही," पठाडे प्रयोगशाळेतल्या माणसाला म्हणाले. "काचेसाठी कसं आहे?"

"काचेबद्दल आमच्याकडे तपासणी नाही," तो माणूस म्हणाला. "काच आजारी पडली तर बघू."

कारकुनाने दाखला वाचला, 'योग्य'खाली लाल रेघ मारली आणि अर्ज निकालात काढला. या सगळ्याला ऑक्टोबर उजाडला. दरम्यान बन्सी रोज अकराला पाणी मारतच होता, कारण ते थांबवायला कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटचा घाव आप्पासाहेबांच्या भाच्याने घातला. तो चिकलठाण्याच्या एका कारखान्यात केमिस्ट होता आणि मामासारखाच ठाम होता. त्याने प्लास्टिकच्या एका कॅनमध्ये काहीतरी आणलं. कॅनवर नाव नव्हतं. "काचेवरचं काहीही जातं याने," तो म्हणाला. ते खोटं नव्हतं. फक्त काचेवरचं काहीही गेल्यानंतर ते काचेलाही लागतं, हे सांगायचं त्याच्याकडून राहून गेलं.

कॅनचं झाकण उघडल्यावर बन्सीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने नाक धरलं. "साहेब, हे मी लावनार नाय. हात जातील."

पठाडेंनी हा उद्धटपणा मानला. संसारातली काही कामं माणसाने स्वतः करावीत, असं म्हणून त्यांनी सायकलच्या दुकानातून रबरी हातमोजे आणले, काठीला फडकं बांधलं आणि दिवाळीनंतरच्या एका रविवारी स्वतः काच पुसली. डाग गेले. सगळे गेले. डागांबरोबर काचेची पारदर्शकताही गेली. सोमवारी सकाळी काच दुधासारखी पांढरी झाली होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कायमची. मागे टबचा गुलाबी आकार तेवढा दिसत होता. धुक्यात कुणीतरी उघडं बसलंय असा. बायकामाणसं मान खाली घालून जाऊ लागली. रिक्षावाले थांबू लागले.

काकासाहेबांनी जीपमधून उतरून बराच वेळ काचेकडे पाहिलं. मग ते आवाज न चढवता बोलले, आणि ते आवाज चढवत नाहीत तेव्हा माणसाने सावध व्हावं.

"नवी काच माझ्या खिशातून येणार नाही, पठाडे. विमा आहे. पण विमा दंगलीचा आहे, मूर्खपणाचा नाही." जीपमध्ये बसताना ते पुन्हा वळले. "सोळा जानेवारी."

दंगलीचा. पठाडेंना शब्द पकडायला वेळ लागे, पण एकदा पकडला की ते सोडत नसत.

या शहरात त्या काळी दंगलीची वाट पाहणं अवघड नव्हतं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही, यावर सोळा वर्षं मराठवाडा पेटत आणि विझत होता. लोकांची घरं जळली होती, माणसं मेली होती. सोयगावकडच्या खेड्यात बन्सीच्या बापाचं छप्पर अठ्ठ्याहत्तर साली गेलं होतं, आणि म्हणून बन्सी शहरात आला होता. ही माहिती पठाडेंना होती, पण ती त्यांनी कधी वापरली नव्हती. नामांतराबद्दल त्यांचं मत विचारलं तर ते म्हणत, "दोन्ही बाजूंनी शांततेने घ्यावं." या वाक्यावर त्यांनी सोळा वर्षं काढली होती. मोर्चा म्हटलं की त्यांना आठवे ती फुटलेली काच. आता पहिल्यांदाच ती त्यांना आशेने आठवली.

जानेवारी लागला. चौदा तारखेला, ऐन संक्रांतीला, सरकार निर्णय जाहीर करणार अशी बातमी पक्की झाली. पोलिसांच्या गाड्या उभ्या राहिल्या. जालना रोडवरच्या दुकानदारांनी काचांना फळ्या ठोकल्या, पोती बांधली. पठाडेंनी काहीच बांधलं नाही. उलट तेरा तारखेला त्यांनी काचेसमोरच्या कुंड्याही बाजूला घेतल्या, म्हणजे कुणाची अडचण नको.

"बन्सी, उद्या तू येऊ नको. रजा."

बन्सी पाहतच राहिला. आठ वर्षांत न मागता मिळालेली ही पहिली रजा. "साहेब," तो म्हणाला आणि जवळ आला. "साहेब, तुमाला ठावं हाय उद्याचं काय हाय ते. आठवन ठेवली तुम्ही."

पठाडेंनी टेबलावरचे कागद नीट केले.

मात्र जमावावर किती विसंबायचं, याचा विचार त्यांनी केला होता. त्याच दिवशी सकाळी फिरायला गेले असताना एका बांधकामाजवळून त्यांनी एक दगड उचलला. सोळा वर्षं वर्तमानपत्रात दगडफेकीच्या बातम्या वाचूनही दगड केवढा असतो, हे एकाही बातमीत आलेलं नव्हतं. त्यांनी तीन दगड हातात घेऊन पाहिले. तेवढ्यात आप्पासाहेब आले.

"काय, शाळिग्राम का?"

"आईने मागितलाय. चटणी वाटायला."

"मग हा नको, तो घ्या. काळा. धार टिकते." आप्पासाहेबांचं दगडाबद्दलही मत होतं.

चौदा तारखेला नाकाबंदीत झडती होईल म्हणून पठाडेंनी तो दगड तेरालाच डब्याच्या पिशवीतून शोरूमवर नेला होता. बन्सीने नेहमीप्रमाणे पिशवी उचलली आणि एका खांद्याला झुकला. "आज डबा लई जड हाय साहेब."

"पाहुणे आहेत," पठाडे म्हणाले. कोणते पाहुणे, हे त्यांनाही कळलं नाही.

चौदा जानेवारीला ते एकटेच शोरूममध्ये बसून राहिले. निर्णय जाहीर झाला. विद्यापीठाच्या नावात आधी बाबासाहेबांचं नाव आलं, पुढे मराठवाडा राहिलं. दुपारी दोनला लोक यायला लागले. पठाडे पांढऱ्या काचेमागे उभे राहिले. बाहेरचं नीट दिसत नव्हतं. पांढऱ्या लुगड्यांची हालचाल, निळे झेंडे, ढोल, निळा गुलाल. आवाज जवळ आला तसं ते दोन पावलं मागे सरकले आणि डोळे मिटले.

काही झालं नाही. डोळे उघडले तर लोक नाचत पुढे चालले होते. एक माणूस काचेसमोर थांबला. त्याने खिशातून कंगवा काढला, काचेत पाहिलं, आपला चेहरा दिसेना तेव्हा काचेलाच एक शिवी दिली आणि निघून गेला. मग दारावर थाप पडली. एक म्हातारी बाई उभी होती.

"दादा, पानी हाय का प्यायला? इथं लई नळ दिसतेत."

"ते दाखवायचे आहेत," पठाडे म्हणाले. "पाणी बोअरचं आहे. जड आहे."

"असू द्या. आमाला जडाचीच सवय हाय."

त्यांनी तांब्या भरून दिला. ती गटागटा प्यायली, तांब्या उंबऱ्यावर ठेवला, म्हणाली, "भलं होवो तुमचं," आणि गेली. चार वाजेपर्यंत रस्ता मोकळा झाला. शहरातल्या एवढ्या मोठ्या उघड्या काचेकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पठाडेंना अपमान झाल्यासारखं वाटलं. सोळा वर्षं ज्यांच्या दगडांबद्दल ते ऐकत आले, त्यांनी एक साधी काच फोडू नये?

साडेचारला त्यांनी दगड काढला.

आता मध्यमवर्गीय माणूस दगड कसा मारतो, हे पाहण्यासारखं आहे. तो रस्त्यावर उभा राहून मारत नाही. ओळखीचं कुणी पाहील. पठाडेंनी दार आतून लावलं, चष्मा काढून खिशात ठेवला, टबच्या मागे उभे राहिले आणि आतून बाहेर दगड फेकला. बारा बाय आठची काच मोठा आवाज करून फूटपाथवर कोसळली.

मग ते केबिनमध्ये गेले आणि आधी पोलिसांना, मग काकासाहेबांना फोन लावत बसले. फोन लागायला वीस मिनिटं गेली. ते बाहेर आले तेव्हा फूटपाथ लख्ख झाडलेला होता, सगळी काच गुलाबी टबमध्ये भरलेली होती, आणि टबशेजारी बन्सी केरसुणी घेऊन उभा होता. अंगात नवा पांढरा शर्ट, कपाळाला निळा गुलाल, काउंटरवर मिठाईचा पुडा.

"मंडळी आता हिकडूनच माघारी येतील," बन्सी म्हणाला. "लई जन अनवानी हायेत. पायात काच जाईल म्हनून आत भरली."

"बरं केलंस."

"कुनी फोडली साहेब?"

पठाडेंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "जमावाने."

बन्सीने खिशातून काळा दगड काढला आणि पठाडेंच्या टेबलावर, कागदांवर ठेवला. "हा रस्त्यात पडला व्हता. तुमचा हाय. मी समोरच्या टपरीवरच उभा व्हतो साहेब. लाडू द्यायला आलो, तर दार आतून लावलेलं."

पुढे काही ठरायच्या आत काकासाहेबांची जीप आणि हवालदार केरबा बिडगर एकाच वेळी आले. काकासाहेबांचा चेहरा कित्येक महिन्यांनी प्रसन्न होता. हवालदाराने वही उघडली.

"किती लोक?"

"पुष्कळ," पठाडे म्हणाले.

"पुष्कळ हा आकडा नाही."

"दोनशे."

हवालदाराने टबात डोकावून पाहिलं. "सगळी काच टबातच पडली? दगड मारणारा लईच नेमाचा दिसतो."

"ती बन्सीने भरली. फूटपाथवरून," पठाडे म्हणाले. हे शब्द बाहेर पडले तेव्हाच ते त्यांना ऐकू आले.

हवालदाराची पेन्सिल थांबली. तो उठला, फूटपाथवर गेला, वाकून काचेची बारीक कणी बोटावर घेऊन आला. "काच बाहेर पडली. मग मोर्चा काय तुमच्या केबिनमधून निघाला होता?"

हवालदार बन्सीकडे वळला. "पुरावा तू हलवला. कपड्यांवरून तर तू आज कामावर दिसत नाहीस, मग इथं कसा? आत शिरून फोडली आन् झाडून काढली, असं का?"

"हवालदारसाहेब," काकासाहेब घसा साफ करत म्हणाले, "माणूस आमचाच आहे, चांगला आहे. पण शेवटी आहे त्यांच्यातलाच. आणि विम्याला एखादं नाव लागतंच."

"चल रे. गाडीत बस."

पठाडे गप्प राहिले. समोर भिंतीवर एका नळकंपनीचं घड्याळ होतं, आणि ते किती वेळ गप्प राहिले हे त्यांना त्यामुळे नेमकं माहीत आहे. दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत त्यांच्या डोळ्यांसमोरून एसी केबिन गेली, स्वतंत्र फोन गेला, आप्पासाहेब गेले. बन्सीने केरसुणी भिंतीला नीट टेकवली. हात झटकले. एकदाच पठाडेंकडे पाहिलं, काही न मागता, आणि चालू लागला. त्याचा एक पाय पोलिसांच्या गाडीच्या पायरीवर पडला.

"मी फोडली," पठाडे म्हणाले.

"काय?"

"काच. मी फोडली. डाग जात नव्हते."

हवालदाराने आधी त्यांच्याकडे, मग टेबलावरच्या दगडाकडे पाहिलं. वही मिटून तो खुर्चीत बसला. "बावीस वर्षं नोकरी झाली माझी. दगडफेकीचे ढीगभर पंचनामे लिहिले. डाग जात नव्हते म्हणून मॅनेजरने दगड मारला असं लिहिलं, तर आमचे साहेब मलाच दवाखान्यात धाडतील. अन् आजच्या दिवशी? सगळं सुखरूप पार पडलं म्हणून वर कळवून झालंय. एका काचेसाठी मी ते मोडू?" त्याने बाहेर पाहिलं. "वारा लिहितो."

"वाऱ्याला विमा नाही," काकासाहेब म्हणाले.

"मग वाऱ्याशी बोला."

'सोसाट्याच्या वाऱ्याने काच फुटून नुकसान' असा पंचनामा झाला. त्या दिवशी वारा इतका पडलेला होता की शहरातल्या पोरांचे पतंगही उठले नव्हते.

सही झाल्यावर हवालदाराला पुडा दिसला. "संक्रांत आहे, तोंड तर गोड करा." बन्सीने पुडा उघडून पुढे धरला. हवालदाराने दोन घेतले. काकासाहेबांनी हवालदार पाहत होता म्हणून एक घेतला आणि हातातच धरला. पुड्यात दोन लाडू राहिले. पठाडेंनी हात पुढे केला. आठ वर्षांत पहिल्यांदाच त्यांना तो लाडू खायचा होता, तिथेच, सगळ्यांसमोर.

बन्सीने त्या हाताकडे पाहिलं आणि पुडा पुन्हा बांधला.

"राहू द्या साहेब. गाय आता चौकात बसली असंल. मीच घालतो तिला."

वाळूजचं शोरूम काकासाहेबांच्या मेव्हण्याकडे गेलं. बन्सी फेब्रुवारीत वाळूजच्या एका कारखान्यात लागला. जाताना केरसुणी, पाइप आणि बादली मोजून देऊन गेला. नवी काच पठाडेंच्या पगारातून बसली, म्हणून ती चार तुकड्यांची आहे. नवा सफाईवाला काही मिळाला नाही. पठाडे सकाळी आठला येतात, बाहेरून डब्याने आणलेलं गोडं पाणी मारतात आणि वडिलांच्या जुन्या धोतराने काच लगेच कोरडी करतात. एकही डाग नाही. उपाय खरोखरच एवढाच होता.

पण अकराला जीप येते. काकासाहेब उतरतात, कोरड्या काचेकडे पाहतात आणि विचारतात, "पठाडे, आज पाणी मारलं नाही का?"

तेव्हा पठाडे पाइप घेतात आणि बोअरचं पाणी मारतात. मालक समाधानाने मान हलवतात, "आत या, जरा काम आहे," म्हणतात. पठाडे आत जाऊन त्यांच्यासमोर बसतात. धोतर बाहेर कठड्यावर पडलेलं असतं, आणि मालक बोलत असेपर्यंत पठाडे काचेवरचं पाणी वाळताना पाहत राहतात.